फुकटचा माग

इचलकरंजी

प्रिय वंदू,

बर्न्लीच्या क्वीन स्ट्रीट मिलचे फोटो मिळाले. ‘अगं, हे तर आपल्या गल्लीतले माग!’ असं खाली लिहिलंयस ते अगदी खरं आहे. ब्लॅकबर्नला 1842 साली जो ‘लँकेशायर लूम’ घडला त्याचीच ही सगळी पणतवंडं. तुझ्याकडे ती 1894 च्या गिरणीत म्युझियम म्हणून जपलीत आणि इथं ती माझ्या ऑफिसच्या मागच्या भिंतीला लागून रात्रपाळीत कापड विणतायत. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हा खडखडाट थांबलेला नाही. मुद्दा फोटोंचा नाही, खाली तू मारलेल्या टोमण्याचा आहे. ‘अजून हेच? तिकडं कुणी एअरजेटचं नाव ऐकलं नाही का?’

ऐकलंय, बाई. तारदाळ-यड्रावकडं जाऊन बघ, शेडच्या शेड एअरजेट आणि रेपियर लागलेत. बँकेसाठी त्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट मीच टाइप करते. तरी गावात साधा माग आहेच. तू मँचेस्टरला बसून याला मागासलेपण म्हणतेस, आणि तसं म्हणणारे इथंही पुष्कळ आहेत. पण वीस-पंचवीस वर्षं मागवाल्यांच्या वह्या तपासल्यावर माझं मत असं झालंय की हा माणूस कंजूष असेल, चिवट असेल, पण अडाणी नाही. तो हिशेब करतो. तो हिशेब तुला एकदा नीट लिहून पाठवायचाच होता.

आधी यंत्राचं सांगते. साध्या मागात धोटा इकडून तिकडं फेकतात. धोट्याचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि एका फेकीत तो जे आडवं सूत टाकतो ते चाळीस काउंटचं असलं तर ग्रॅमचा पन्नासावा भाग. म्हणजे एक पोस्टकार्ड पोचवायला ट्रक पाठवण्यातला प्रकार. शिवाय प्रत्येक फेकीला तो ट्रक पलीकडे थांबवायचा आणि उलटा पाठवायचा. म्हणून माग मिनिटाला दीडशे फेकींच्या आसपास दमतो. स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीनं 1950 च्या दशकात धोटाच काढून टाकला आणि चाळीस ग्रॅमची एक पट्टी सूत ओढत न्यायला लावली. रेपियरमध्ये एक हात सूत पकडून पलीकडे नेतो. एअरजेटमध्ये तर नुसती हवा. फुंकर मारायची आणि सूत पलीकडे. मिनिटाला सहाशे-सातशे फेकी.

आता आपल्या नेहमीच्या कापडाचं गणित कर. इंचाला 52 पीक, म्हणजे आडवी सुतं, त्यामुळं मीटरला सुमारे 2,050 फेकी. साधा माग मिनिटाला 140 नं चालला, सूत तुटणं, कांडी बदलणं यात पाचवा हिस्सा वेळ गेला, तर एका मीटरला अठरा मिनिटं लागतात. बारा तासांच्या पाळीत एकोणचाळीस मीटर. (हो, पाळी बाराच तासांची आहे. त्यावर खाली बोलते.) एअरजेट 700 नं चालला आणि दहावा हिस्साच वाया गेला, तर बारा तासांत दोनशे वीस मीटर. साडेपाच पट! तू म्हणशील, झालं की मग, विषय संपला.

खरा विषय इथून सुरू होतो. समज, एका एअरजेटमागे कंप्रेसर, ह्युमिडिफायर, शेड, वायरिंग सगळं धरून 30 लाख लागले. आकडे मी गोल घेतेय, कुणाच्या वहीतले नाहीत. दहा टक्के व्याज म्हणजे वर्षाला 3 लाख. माग दहा वर्षांत झिजला धर, म्हणजे घसारा आणखी 3 लाख. वर्षाचे 6 लाख हे काही न विणताच उभे. दोन्ही पाळ्या, वर्षाचे 340 दिवस चालवला तर दीड लाख मीटर निघतं, म्हणजे मीटरला चार रुपये नुसते यंत्राचे. वर मजुरी, वीज, सुटे भाग असे समज अडीच. एकूण साडेसहा.

साध्या मागाचं काय? तो बापानं घेतलेला. कधीच फिटलेला. विकायला काढला तर भंगाराचा भाव, म्हणून यंत्राचा खर्च जवळजवळ शून्य. मजुरी, वीज, धोटे, पट्टे, जॉबरचे पैसे मिळून मीटरला साडेसहा. घे! साडेपाच पट वेगाचं यंत्र आणि फुकटचं जुनं यंत्र, दोघं एकाच आकड्यावर येऊन उभे. सूत धरायचं कारण नाही, ते दोघांनाही बाजारभावानंच पडतं. उलट एअरजेटला चांगलंच सूत लागतं. कमजोर सूत हवेच्या झोतात तुटत राहिलं की सगळा वेग मातीत जातो. साधा माग हलकं सूत, लहान ऑर्डर, मध्येच बदललेलं डिझाइन, सगळं निमूटपणे खपवून घेतो.

आणि मंदी आली की? एक पाळी बंद करावी लागली तर एअरजेटचे ते चार रुपये आठ होतात. हप्ता पाळी बघून येत नाही. साध्या मागाचा मालक बटण बंद करतो आणि घरी जातो. नुकसान होतं, पण बँकेचा माणूस दारात येत नाही. म्हणून लोक नवीन माग घ्यायला बिचकतात.

सॉल्टर नावाचा एक ऑस्ट्रेलियन अर्थशास्त्रज्ञ होता. फार तरुणपणी गेला. त्यानं 1960 च्या पुस्तकात हेच मांडलं: नवीन यंत्राला स्वतःची किंमत धरून सगळा खर्च भरून काढावा लागतो, जुन्याला फक्त रोजचा चालवण्याचा. त्यामुळं अधिक चांगलं यंत्र निघालं म्हणून जुनं लगेच मरत नाही. मालाचा भाव त्याच्या चालवण्याच्या खर्चाखाली गेला की मरतं. कॉलेजात हे कुणी शिकवलं असतं तर मी वर्गात जागी राहिले असते.

पण वंदू, इथंच एक मेख आहे, ती मला पुस्तकापेक्षा वह्यांमधून जास्त कळली. एअरजेट घ्यायच्या आधी मालक साडेसहाचा विचार करतो. घेतल्यावर तो साडेसहा विसरतो. आता यंत्र दारात आहे, हप्ता चालू आहे, त्यामुळं अडीचच्या वर जे मिळेल ते व्याजाला उपयोगी. मंदीत व्यापारी साडेचार रुपये मजुरी म्हणाला तरी तो हो म्हणतो, कारण माग बंद ठेवणं त्याला जास्त महाग. साध्या मागवाल्याला मात्र साडेचारमध्ये मजूरसुद्धा परवडत नाही. तेजीत दोघं मजेत शेजारी शेजारी चालतात. मंदीत नवा जुन्याला संपवतो, आणि संपवताना स्वतःही कर्जात बुडत असतो. आमच्याकडं माग भंगारात निघतात ते अशाच काळात. टेंपोत भरताना बघवत नाही, पण किलोवर विकतात खरे.

सगळ्यात आधी मरतो तो खर्चीवाला. आठवतं ना, तुझे काका खर्चीवालेच होते. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, यांनी फक्त पिकावर मजुरी घेऊन विणून द्यायचं. त्याच्या हातात ना सुताचा भाव, ना कापडाचा. इंचातल्या दर पिकामागे एक-दोन पैसे कमी झाले की मीटरला अर्धा-एक रुपया, म्हणजे अख्खा नफा गेला.

तुझ्या लँकेशायरमध्येही हेच घडलं होतं, आणि त्यांना तर ‘मागासलेले’ म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. 1890 च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ्रॉप माग आला. कांडी संपली की आपोआप नवी भरायची. शोध लावणारा नॉर्थ्रॉप मूळचा इंग्लंडचाच, यॉर्कशायरमधून तिकडं गेलेला. अमेरिकेत मजुरी महाग, कुशल विणकर कमी, त्यामुळं एकानं चारऐवजी सोळा-वीस माग सांभाळणं म्हणजे सोनंच. पहिल्या महायुद्धापर्यंत तिथं हे माग लाखांवर गेले. लँकेशायरमध्ये तेव्हा शंभरात एकदोन. कारण विणकर मुबलक आणि तरबेज, जुने माग फिटलेले, सूत कातणारी गिरणी वेगळी आणि विणणारी वेगळी. इतिहासकार अजून भांडतात: सँडबर्ग म्हणतो, प्रत्येक मालकाचा हिशेब बरोबर होता, लॅझोनिक म्हणतो, उद्योगाची घडीच अशी होती की बरोबर हिशेबातून सगळ्यांचंच वाटोळं झालं. मला विचारशील तर मी लॅझोनिकच्या बाजूची, कारण तीच घडी मी रोज बघते. सुताला खळ देणारा सायझिंगवाला वेगळा, सूतवाला वेगळा, मागवाला वेगळा, आणि सुधारणेचा खर्च एकानं करायचा तर फायदा दुसऱ्याच्या खिशात.

पुढची गंमत तुला ओल्डहॅमला गेलीस की आठवेल. तिथल्या प्लॅट ब्रदर्सनं साऱ्या जगाला कापडगिरणीची यंत्रं विकली. त्यांनीच 1929 साली जपानच्या टोयोडांच्या स्वयंचलित मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. गुरूनं शिष्याकडून विद्या विकत घेतली! टोयोडांच्या घरातून पुढं मोटारी निघाल्या. आणि 1959 साली ब्रिटिश सरकारनं कायदा करून जुन्या चात्या आणि माग मोडायला मालकांना भरपाई दिली. आपल्याकडं सरकार एका हातानं जुन्याला जगवतं आणि दुसऱ्या हातानं नव्याला ढकलतं. 1999 पासून बरीच वर्षं तंत्रज्ञान सुधारणेला व्याजात सवलत होती, आणि साध्या मागाला विजेत सवलत, तीही 27 अश्वशक्तीच्या आत वेगळी आणि बाहेर वेगळी. त्या 27 च्या रेषेवर एकाच घराची किती मीटरं वेगवेगळ्या नावांनी बसलीत, ते मी पत्रात लिहिणार नाही.

तू बारा तासांचं विचारणारच, म्हणून तेही सांगते. त्यासाठी आधी हे बघ: साधा माग मुंबईच्या गिरण्यांना कसा हरवू शकला? यंत्र काही वरचढ नव्हतं, उलट कित्येक माग गिरण्यांनीच काढून टाकलेले होते. पण 1956 पासून सरकारनं गिरण्यांना माग वाढवायला बंदी घातली. हातमाग वाचावा हा हेतू, आणि ती मोकळी जागा घेतली यंत्रमागानं. गिरणीत युनियन, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, आठ तासांची पाळी, अबकारी कर. इथं यातलं बहुतेक काहीच नव्हतं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या संपात अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा भिवंडी, मालेगाव आणि आपल्या गावातले माग धूमधडाक्यात चालले. तुमच्या घराचा वरचा मजला त्याच सुमारास झाला, आठव. गिरणीला जो खर्च कंपनीच्या वहीत दाखवावा लागत होता तो इथं विणकराच्या अंगावर पडला, एवढाच फरक. आता तो विणकर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून येतो आणि स्थानिक पोरं कुपवाड-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जातात. माणूस मिळत नाही म्हणून एअरजेट घेतला, असं सांगणारे आता वाढलेत, आणि मला ते कारण वेगापेक्षा खरं वाटतं. अमेरिकेतही नेमकं तेच झालं होतं.

एक मात्र मजेशीर. धोटा परत वळतो म्हणून कापडाला पक्की किनार येते. एअरजेटला दोन्हीकडं झालर सुटते, ती कापून टाकावी लागते. जपानात कोजिमाकडं जुन्या टोयोडा मागांवर मुद्दाम सावकाश विणलेलं जीन्सचं कापड याच किनारीच्या जोरावर चढ्या भावानं विकतात. इथं कुणी हे करत असेल तर मला माहीत नाही, पण पॉपलीन विणणाऱ्या आमच्या लोकांना मी सांगते तेव्हा ते हसतात.

आमच्या अण्णाच्या मुलाला सेकंडहँड रेपियर घ्यायचेत. नवे परवडत नाहीत, जुने युरोपातले कंटेनर भरून येतात. वेग एअरजेटइतका नाही पण कर्ज निम्म्याहून कमी, आणि माझ्या मते हे शहाणपणाचं आहे. रिपोर्ट मीच करतेय. बँकेला लागतो तसा 85 टक्के क्षमतेचा तक्ता केला, आणि शेजारी एकाच पाळीवर चालले तर काय, असा एक रकाना घातला. त्यानं तो नीट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, ‘आत्या, घेतो मी माग. पण हा रकाना बँकेच्या प्रतीत नको हं.’

तुझी,
शैला