कोरा ऑगस्ट

काल रात्री साडेअकराला मी अख्खं घर उठवलं. लॅपटॉपवर दादांचा पाऊस दिसायला लागला होता!

आमची शेती बदनापूरजवळ. दादा रोज सकाळी अंगणातलं पर्जन्यमापक बघतात आणि पाणी असेल तरच वहीत लिहितात. तारीख, मिलिमीटर, बस. त्यांची 2023ची वही मी 'आर'मध्ये भरली. ही संख्याशास्त्राची फुकट मिळणारी भाषा, ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी बनवलेली. पहिला आलेख निघाला तो नुसता गोंधळ! 5 जुलैला खेटून 5 सप्टेंबर, त्यानंतर 6 जुलै. आरला त्या तारखा वाटल्याच नव्हत्या. साधी अक्षरं समजून त्यानं त्या बाराखडीसारख्या लावल्या होत्या.

मग आरमधली एक आज्ञा सापडली, 'ॲज डॉट डेट'. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, असं त्याला एकदा सांगायचं. सांगितलं, तर पाऊस थेट इसवी सन 23मध्ये! पैठणला सातवाहन नांदत असतील तेव्हाचा. मी नुसतं '23' लिहिलं होतं आणि त्यानं ते शब्दशः घेतलं. वर्ष चार आकडी केलं आणि बघता बघता सगळं जागेवर बसलं.

आतली युक्ती तर इतकी साधी, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. आर तारीख म्हणून एक आकडा ठेवतो. 1 जानेवारी 1970 म्हणजे शून्य, तिथून पुढे दिवस मोजायचे. 7 जून 2023 म्हणजे 19515. म्हणून दोन पावसांमध्ये अठरा दिवस गेले असतील, तर आडव्या अक्षावर अठरा दिवसांची जागा मोकळी सुटते. वहीत त्या दोन नोंदी एकाखाली एक, चिकटून! वहीत उघडीप दिसतच नाही हो. इथं ती हातभर रुंद दिसते.

आणि ऑगस्ट! जवळजवळ कोरा. 1901पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तोच, हे मी वाचलं होतं. आमच्या अंगणातला मात्र पहिल्यांदा पाहिला.

दादा डोळे चोळत आले. "नक्षत्रं कुठायत?" ती घालणं सोपं निघालं. पोळा तिथीवर चालतो, दरवर्षी सरकतो. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून मृग 7-8 जूनलाच लागतो. तुटक उभ्या रेघा मारल्या. दादांनी आश्लेषा-मघांच्या मधे बोट ठेवलं. "इथं कपाशी गेली." मग बोट जूनअखेरीच्या रिकाम्या जागेवर. "ही उघडीप नव्हे. मी पंढरपूरला होतो, मापक कुणी बघितलं?" बरोबर, 29 जूनला आषाढी होती. ती पट्टी मी राखाडी रंगवली. न पडलेला पाऊस आणि न मोजलेला पाऊस एका रंगात दाखवणं म्हणजे खोटंच.

31 ऑक्टोबर 2023ला सरकारनं 40 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत बदनापूर होतं. आमच्या आलेखात त्याचं कारण दोन महिने आधीच उमटलेलं आहे.

आता तुलनेला 2012ची वही हवीय. ती वही वाळवीनं खाल्ली. बदनापूरकडच्या कुणाच्या फडताळात त्या वर्षीच्या पावसाच्या नोंदी असतील, तर फेकू नका. मी येऊन भरून देतो.