मिठाची उधारी

“वयनी, ह्येका मीठ लावूक नाय हां.”

पायरीवर टोपली उतरवता उतरवता ती आधी हे सांगते. केळीच्या पानात वेगळे बांधलेले दोन बांगडे माझ्या ताटलीत ठेवते आणि मगच बाकीची मासळी उघडते. सहा वर्षं हे असंच चाललंय.

यांचं हृदय थकलंय हे कळलं २०१९ साली. मालवण आगारात एसटीचे ड्रायव्हर, जन्मभर कोल्हापूरची गाडी घाटातून नेणारा माणूस, आणि अंथरुणावर आडवं झालं की दम पुरेना. आधी एक उशी, मग दोन, मग तीन, मग रात्रभर खिडकीशी बसणं. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात टूडी एको झाला. पंपिंग २५ टक्के. निरोगी माणसाचं ५५च्या आसपास किंवा वर असतं. ‘हार्ट फेल’ ऐकलं आणि माझे पाय गळाले. तिथल्या एका सिस्टरने मला बाकावर बसवलं. हृदय बंद पडलेलं नाही, त्याचा जोर कमी झालाय, म्हणून पाणी अंगात तुंबतं, असं सावकाश समजावलं. मग माझा अंगठा धरून यांच्या नडगीवर दाबला. उचलला, तर खळगा तसाच राहिला. “रोज हे बघायचं,” म्हणाली. तिचा चेहरा आता आठवत नाही. अंगठ्यावरचा तिचा हात आठवतो.

तेव्हापासून आमची सकाळ वजनकाट्यावर होते. लघवीला जाऊन आले की, चहाच्या आधी, त्याच लुंगीवर. आकडा कालनिर्णयच्या चौकटीत, तिथीच्या खाली. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंग धरणं नव्हे, पाणी. लगेच डॉक्टरांना फोन. दिवसाचं पाणी दीड लिटर, त्यात चहा, पेज, कढी सगळं आलं. वैशाखात समुद्रावरचा वारासुद्धा गरम येतो. हे बाटलीतली रेघ बघतात आणि काही न बोलता नजर वळवतात. माझं पाणी मी मागच्या दारी जाऊन पिते.

पण मिठाइतकं कठीण काही नाही. आमच्या किनाऱ्यावर पावसाळा मिठावरच निघतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद, म्हणून खारे बांगडे, सुकट, लोणच्याच्या बरण्या ही घराघराची बेगमी. पेजेबरोबर दुसरं काय वाढणार? पहिल्या पावसाळ्यात मी चुकले. तोंडाला चव नाही म्हणाले, म्हणून तीन दिवस पेजेत लोणच्याचा खार घातला, आणि त्या दिवसांत वजनही लिहिलं नाही. चौथ्या रात्री हे उठून बसले. “माका श्वास गावणा नाय.” शेजारच्या मुलाने गाडी काढली. भर पावसात, माझ्या खांद्यावर यांचं डोकं, आणि पत्रादेवीचा नाका येईपर्यंत मी एकेक श्वास मोजत होते. त्या मुलाने आजवर डिझेलचे पैसे घेतलेले नाहीत.

हे मासळीवालीला कळलं. ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात कोळंबच्या खाडीत पागणाऱ्यांकडून ताजा शेवटो घेऊन दारात उभी. पैसे विचारले तर “रवांदे”. तेव्हापासून उरलेल्या मासळीला मीठ चोळायला बसण्याआधी ती यांच्या वाटणीचं बाजूला काढते. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात. जे मीठ तिने यांच्या पोटात जाऊ दिलं नाही, त्याला मी कशी जागू?

यांच्या गोळ्यांत एक डिगॉक्सिन आहे. पाच दिवस घ्यायची, शनिवार-रविवार सुट्टी. या औषधाची वाट फॉक्सग्लोव्ह नावाच्या फुलझाडापासून निघाली. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मूळ काढा श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीचा, वीसेक पाल्यांचा, अंगावरची सूज उतरवणारा. त्यातलं नेमकं झाड डॉक्टरांनी ओळखलं. म्हातारीचं नाव मात्र त्यांनी लिहून ठेवलं नाही. गोळी यांच्या हातावर ठेवताना ती मला रोज आठवते. आमच्या मासळीवालीचं नाव मला इथे लिहायचं होतं. तिनेच नको म्हटलं.

नारळी पौर्णिमा झाली, बंदरावर पुन्हा गजबज आहे. आज ती उशिरा आली. टोपली डोक्यावरच होती.

“भावांचा वजन काय आज?”

मी आत जाऊन कालनिर्णय बघितलं. “एकसष्ट दोनशे.”

“आणि काल?”

“तितकाच.”

मग तिने टोपली उतरवली आणि केळीच्या पानाची गाठ सोडली.