मागें घेण्याची विद्या

महाभारताच्या सौप्तिकपर्वांत अर्जुन व अश्वत्थामा या दोघांनींहि अस्त्रें सोडलीं. परंतु व्यास-नारद मध्यें उभे राहिल्यावर आपलें अस्त्र परत घेणें एकट्या अर्जुनासच साधलें. अश्वत्थाम्यास तें साधेना, आणि त्याचें फळ उत्तरेच्या गर्भास भोगावें लागलें. हा भाग शिकवितांना मी मुलांस सांगत असें कीं, सोडण्याची विद्या अर्धीच. मागें घेणें आलें म्हणजे ती पुरी होते. ही गोष्ट संगणकासहि लागू पडते, हें मात्र सेवानिवृत्तीनंतर घरांतल्या घरांत उमगलें.

आमचें सावर्ड्याचें घर एकत्र कुटुंबाचें. संगणक एक, वापरणारे आठ. सूनबाईंचा आंब्याच्या पेट्यांचा हिशेब त्यांत, पुतण्याच्या जमिनीचे कागद त्यांत, आणि मीं तीन वर्षें खपून तयार केलेली कुळाची वंशावळहि त्यांतच. गेल्या चैत्रांत पुतण्यानें एका कागदाची फाईल आकारानें लहान करण्याकरितां कोठलेंसें फुकट साधन उतरवून घेतलें. त्या पाहुण्याच्या मागून न बोलावलेले आणखी दोघे आंत शिरले. दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर जाहिरातींचा सुळसुळाट; शोधावें एक, तर उघडे भलतेंच दुकान; आणि यंत्र असें मंदावलें कीं, चहा उकळून झाला तरी पान उघडेना. दुरुस्तीस बोलाविलेला गृहस्थ म्हणाला, "सगळें पुसून नव्यानें भरूं." सूनबाई घाबऱ्या होऊन म्हणाल्या, "मामंजी, पेट्या कोणास पाठवायच्या ते सगळे पत्ते त्यांतच आहेत!"

रत्नागिरीस शिकणारी आमची नात रविवारीं घरीं आली होती. ती म्हणाली, "आजोबा, पुसूं देऊं नका. यंत्राला गेल्या आठवड्यावर परत नेतां येतें."

या सोयीस सिस्टिम रिस्टोर म्हणतात. मायक्रोसॉफ्टनें ती २००० सालीं विंडोज एमई या आवृत्तीबरोबर आणली; विंडोज ११ मध्येंहि ती आहे. नवें साधन बसवितांना अथवा सुधारणा येतांना यंत्र आपल्या अंतर्गत व्यवस्थेची व रजिस्ट्री नांवाच्या नोंदवहीची एक खूण राखून ठेवतें. तिला रिस्टोर पॉइंट असें नांव आहे. त्या खुणेवर परत गेलें म्हणजे नंतर बसविलेलीं साधनें बहुधा निघून जातात. पत्रें, छायाचित्रें व हिशेब मात्र जागच्या जागीं राहतात.

नातीनें घाई केली नाहीं. प्रथम साधनांच्या यादींतून तीं दोन्ही काढून पाहिलीं. एक गेलें, दुसरें हटेना. मग महत्त्वाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. नंतर शोधाच्या चौकटींत 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' हे शब्द लिहून तिनें सिस्टिम रिस्टोर उघडलें व पुतण्याच्या उद्योगापूर्वींची तारीख निवडली. कोणतीं साधनें जाणार याची यादीहि तेथें आधीं पाहतां येते. यंत्र बंद होऊन पुन्हां सुरू झालें, तेव्हां सूनबाईंनीं प्रथम हिशेब उघडला व मीं वंशावळ. दोन्हीं जशींच्या तशीं होतीं. ब्राउझरला चिकटलेलें एक एक्स्टेन्शन तेवढें राहिलें होतें. तें तिनें हातानें काढलें, विषाणुतपासणी केली, आणि सर्वांचे पासवर्ड बदलावयास लावले.

परंतु या विद्येस मर्यादा आहेत. विषाणु आपल्याच फायलींत दडला असेल, तर मागें जाऊनहि तो जात नाहीं. खंडणी मागणारे कित्येक विषाणु तर या खुणाच आधीं पुसून टाकतात. त्यांना शोधून काढणें हें निराळें शास्त्र. रहिमतपूरचे कैलास काटकर व त्यांचे बंधु संजय यांनीं पुण्यांत 'क्विक हील' उभें केलें तें याच कामासाठीं. केंद्र सरकारचें सायबर स्वच्छता केंद्रहि २०१७ पासून अशीं साधनें विनामूल्य देतें. शिवाय राखलेली जागा भरली कीं जुन्या खुणा आपोआप जातात.

आणि हरवलेला कागद या युक्तीनें परत येईल अशी आशा कोणीं धरूं नये. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या पुरांत चिपळूण बुडालें, तेव्हां किती घरांतील दप्तरें चिखलांत गेलीं, हें आमच्या तालुक्यास सांगावयास नको. ज्याची दुसरी प्रत दुसऱ्या गांवीं होती, त्याचाच कागद वांचला. म्हणून आमच्या वंशावळीची एक प्रत आतां नातीजवळ रत्नागिरीस असते.

कित्येक यंत्रांत ही सोय मुळांत बंदच असते. वाचकांनीं वर सांगितलेली चौकट उघडून 'सी' ड्राइव्हसमोर 'ऑन' लिहिलें आहे कीं 'ऑफ', एवढें आज सायंकाळीं पाहून ठेवावें. बंद असेल तर 'कॉन्फिगर' दाबून ती चालू करावी, आणि 'क्रिएट' दाबून पहिली खूण स्वहस्तें करावी. पांच मिनिटांचें काम आहे. तें घरांतील मुलांकडून करवून घेतलें, तर त्यांनाहि विद्या येईल.