चौसष्टावे घर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने आकड्यावर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. (‘गणितात मार्क पडले नसतील म्हणून इकडे आला’ असे मित्र म्हणतील, म्हणोत बापडे!) पण एका आकड्याने गेले वर्षभर माझी पाठ सोडलेली नाही. तो असा : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्टावे घर गाठायचे. तेराव्या शतकात इब्न खल्लिकानने ती अरबीत लिहून ठेवली. साऱ्या दाण्यांची बेरीज म्हणजे वरचा आकडा. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली; हा आकडा वीस अंकी, म्हणजे १८४ परार्धांच्याही वर! ग्रॅमला तांदळाचे चाळीस दाणे धरले, तर पहिली बत्तीस घरे सुमारे १०७ टनांत भरतात. उरलेल्या बत्तिसांना मात्र साऱ्या जगाचे आजचे तांदळाचे पीक नऊशे वर्षे ओतावे लागेल.

आणि हा डोंगर फुटतो किती सहज! दोनाच्या चौसष्टाव्या घातातून एक वजा केला की हा आकडा येतो. त्याला शाळेतले ‘अ वर्ग वजा ब वर्ग’ पुन्हा पुन्हा लावा. ३, ५, १७, २५७, ६५५३७ हे अवयव सुटे होतात. शेवटी ४,२९,४९,६७,२९७ उरतो. असे सारे आकडे मूळसंख्याच असतात, अशी फर्माची समजूत होती. १७३२ साली ऑयलरने याला ६४१ ने नि:शेष भागून दाखवले. एवढ्या थोर माणसाच्या समजुतीला ६४१ सारख्या किरकोळ आकड्याने सुरुंग लावावा, याचा मला, खरे सांगायचे तर, आनंद झाला.

आमच्या घरात मात्र दुपटीची गोष्ट राजाची नव्हती. व्याज मुद्दलाएवढे झाले की थांबावे, हा दामदुपटीचा जुना नियम. शंभराचे दोनशे, पुढे नाही. पण गावच्या सावकाराने दोनशेचा नवा कागद केला की ते दोनशेच मुद्दल! मग चारशे, मग आठशे. आजोबांची दीड एकर जिराईत चौथ्या घरातच संपली. चौसष्टापर्यंत जायची गरजच पडली नाही. वडिलांना पावकी-दिडकी आजही तोंडपाठ आहे, पण ‘दुप्पट’ हा शब्द ते उच्चारीत नाहीत.

ते कागद पत्र्याच्या पेटीत आहेत. मजकूर मोडीत, खाली आजोबांचा अंगठा. आकडे तेवढे मला लागतात. इतिहासाच्या सरांनी दिवाळीच्या सुटीनंतर मोडी शिकवायचे कबूल केले आहे.