सरड्याच्या घराला काच

काच घ्यायची की अ‍ॅक्रिलिक? गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. पाहुणे आले तरी चहा होईपर्यंत गाडी त्यावरच यायची. पेटी बनवायची होती सरड्याची, आणि घरातल्या तिन्ही पिढ्यांचं मत वेगळं होतं.

आधी सरड्याविषयी सांगतो. माझी धाकटी मुलगी अकरावीला आहे. तिच्या मैत्रिणीचं कुटुंब परदेशी निघालं आणि त्यांच्याकडचा बिअर्डेड ड्रॅगन कोणाला द्यायचा हा प्रश्न आला. नाव भलतंच भारदस्त असलं तरी प्राणी गरीब. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला. शेपटीसकट दीड-पावणेदोन फूट, हनुवटीखाली काटेरी पिशवी, राग आला की ती फुगून काळी पडते, म्हणून दाढीवाला. आपल्याकडची घोरपड किंवा तारा कासव घरात ठेवणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि 2022च्या दुरुस्तीनंतर अनेक परदेशी प्राण्यांचीही नोंदणी करावी लागते. त्यामुळे आधी वनखात्यात जाऊन चौकशी केली, मैत्रिणीच्या वडिलांकडचे कागद पाहिले, मगच मुलीला हो म्हटलं. हौस म्हणून बाजारातून काहीही उचलून आणणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे की आधी कागद बघा.

खरी परवानगी मात्र अम्मीची लागणार होती. अम्मी आमच्याजवळच असते, वय एकोणऐंशी. भिंतीवर पाल दिसली की आजही तिचा हात चपलेकडे जातो. पाल मारण्याविषयी हदीस आहे, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, आणि हजरत इब्राहीम यांच्यासाठी पेटवलेल्या आगीवर तिने फुंकर घातली होती ही गोष्ट आमच्या घराघरांत लहानपणीच कानावर पडते. अम्मीच्या लेखी पाल, सरडा, घोरपड सगळे एकाच माळेचे मणी. आता त्यातलाच एक तिच्या नमाजच्या चटईपासून सहा फुटांवर राहायला येणार होता.

मुलीने इथे अभ्यास केला आणि मला तिचं कौतुक वाटलं. ती दादीला म्हणाली, हदीसमध्ये आहे तो 'वजग', म्हणजे पाल. हा पालीच्या कुळातला नाहीच. अरबस्तानात 'दब्ब' नावाचा काटेरी शेपटीचा मोठा सरडा असतो, त्याच्या कुळातला हा. आणि दब्बची हदीस अम्मीला पाठ होती! भाजलेला दब्ब समोर आला तेव्हा प्रेषितांनी (स.) तो खाल्ला नाही, आपल्या मुलखात तो नसतो म्हणून मन होत नाही असं सांगितलं, पण मनाही केली नाही, खालिद बिन वलीद यांनी तिथेच तो खाल्ला. आपल्या हनफी आलिमांनी दब्ब खाणं मकरूह मानलं तो वेगळा विषय. खाण्याचा प्रश्न इथे नव्हताच. अम्मी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हौ, पन निकल्या तो?" म्हणजे बाहेर निघाला तर?

तिची दुसरी अट जास्त जड होती. मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस तिने नातीला ऐकवली. त्या बाईने मांजरीला स्वतः खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडे खायलाही मोकळं सोडलं नाही, त्यापायी ती जहन्नमला गेली. "कोंडके रखना है तो उसका हिसाब तेरेकू देना पडेगा," असं म्हणून अम्मी तसबीह घेऊन बसली. मुलगी त्या रात्री नीट जेवली नाही. मला वाटतं पेटीचं काम खऱ्या अर्थाने त्या रात्री सुरू झालं. चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच. मोठ्या बिअर्डेड ड्रॅगनला यापेक्षा कमी जागा देऊ नये.

आता काचेकडे येतो. विजापूर वेशीत अब्बांचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. काबा, मदिना, अजमेरचा दर्गा, सिद्धरामेश्वर, लग्नातले जोडपी फोटो, बक्षीस समारंभ. आणि आषाढीच्या आधी विठ्ठल-रखुमाई डझनावारी. हिरकणी बसवलेली कलम घेऊन अब्बा पट्टीच्या कडेने एकदाच ओढायचे. एकदाच! दुसऱ्यांदा त्याच रेघेवर कलम फिरवली की काच वाकडी फुटते. चर्रर्र असा एकसारखा आवाज आला की रेघ बसली, मग टेबलाच्या कडेवर ठेवून हलकासा दाब. मी सहावी-सातवीत असल्यापासून हे शिकलो. आणि त्याच दुकानात एका संध्याकाळी मोठा तक्ता उभा करताना मधून तडकला आणि खाली आला. अब्बांच्या डाव्या मनगटाची शीर आणि दोन बोटांचे स्नायू कापले गेले. हात वाचला, पण ती दोन बोटं पुन्हा कधी पूर्ण मिटली नाहीत. पुढची अठरा वर्षं त्यांनी तसंच दुकान चालवलं. अम्मी अजूनही काचेचा ग्लास फुटला की नातवंडांना खोलीबाहेर काढते आणि स्वतः ओल्या कापडाने फरशी तीनदा पुसते. घरात दोन फुटांची काच उभी राहणार हे कळल्यावर ती इतकंच म्हणाली, "त्या काचेनं तुझ्या अब्बांचा हात खाल्ला."

मुलीचा कौल अ‍ॅक्रिलिकला होता, आणि तोही वेडगळ नव्हता. मी ज्या पतसंस्थेत काम करतो तिथे 2020 मध्ये काउंटरवर अ‍ॅक्रिलिकचे तक्ते बसवले होते. नंतर ते काढून गोदामात टाकले. ते फुकटात मिळणार होते. वजनाचा हिशोब तिने वहीत मांडला: चार बाय दोन फुटांचा 5 मि.मी. जाडीचा तक्ता काचेचा असेल तर सव्वानऊ किलो, अ‍ॅक्रिलिकचा साडेचार किलोच्या आत. पडलं तर सहसा फुटत नाही. फुटलं तरी काचेसारखे सुरे होत नाहीत. शिवाय अ‍ॅक्रिलिक काचेच्या सुमारे पाचपट चांगलं उष्णतारोधक, म्हणजे थंडीत पेटी ऊबदार राहील. हे सगळं खरं आहे. थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी अ‍ॅक्रिलिक निवडलं तर मी त्यांना नावं ठेवणार नाही.

पण मी ते तक्ते घरी आणून दारासमोर उन्हात धरले तेव्हा काउंटरच्या खिडकीपाशी, जिथे आम्ही दोन वर्षं सॅनिटायझर मारून पुसत होतो, तिथे केसांसारख्या बारीक रेषांचं जाळं दिसलं. अल्कोहोलने अ‍ॅक्रिलिकला अशा भेगा पडतात. काच पुसायचं निळं पाणीही त्याला चालत नाही. सरड्याच्या नखांचे ओरखडे वेगळेच. सरड्याची पेटी रोज पुसावी लागते, आठवड्याला निर्जंतुक करावी लागते. मग वर्षभरात आत कोण आहे ते दिसायचं बंद होईल.

त्याहून मोठी गोष्ट उष्णतेची. या प्राण्याला बसायला एक तापता दगड लागतो, 40 अंशांच्या आसपास, आणि दुसऱ्या टोकाला 25 ते 28 अंशांची सावली. दिव्याच्या बाजूला तापलेलं अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा सात-आठपट जास्त पसरतं. चार फुटांच्या तक्त्यात वीस अंशांचा फरक पडला तर काच पाव मिलिमीटरही वाढत नाही, अ‍ॅक्रिलिक पावणेदोन मिलिमीटर वाढतं. त्यात ते ओलही शोषतं, आणि आत कोरडं, बाहेर दमट असलं की एका बाजूला वाकतं. पुस्तकी बोलून मुलीला पटलं नसतं. म्हणून काउंटरचा तीन मिलिमीटरचा एक तुकडा खोबणीत बसवून आत दिवा लावून दोन दिवस ठेवला. तिसऱ्या दिवशी पट्टी लावली तर मधोमध जवळजवळ अर्धा सेंटिमीटर पोट आलं होतं. मुलीने वरचा कोपरा बोटाने दाबला आणि तक्ता खोबणीतून अलगद बाहेर आला. अम्मीचा प्रश्न तिला आठवला असावा. तिने वहीतलं ते पान फाडलं नाही, पण वही मिटून ठेवली.

अनेकांचा एक गैरसमज इथे दूर करतो. शेजारचे काका येऊन सांगून गेले, पेटी खिडकीत ठेवा, ऊन फुकट मिळेल. या सरड्यांना उन्हातली यूव्ही-बी किरणं लागतात. त्याशिवाय त्यांच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम मुरत नाही, हाडं मऊ पडतात आणि जबडा वाकतो. साधी काच ती किरणं जवळजवळ सगळी अडवते, बाजारात मिळणारं नेहमीचं अ‍ॅक्रिलिकही अडवतं. उष्णता मात्र आत येते आणि कोंडते. म्हणजे खिडकीतल्या पेटीत प्राण्याला उन्हाचा फायदा शून्य आणि ताप पूर्ण. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तर तो भाजून निघेल. यूव्ही-बीची नळी पेटीच्या आत, वरच्या अंगाला लावायची, आणि ती उजेड देत असली तरी कंपनीने सांगितलेल्या मुदतीला बदलायची, कारण किरणं आधी संपतात, उजेड मागाहून. काच की अ‍ॅक्रिलिक या भांडणात हा मुद्दा कोणाच्याच बाजूने नाही. तरी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

चारही बाजू पारदर्शक करायच्या नाहीत हे आमचं लवकर ठरलं. रात्री खोलीत अंधार आणि पेटीत उजेड असला की कुठलाही तक्ता आरसा होतो. सरड्याला त्यात दुसरा सरडा दिसतो, दाढी काळी करून तो तासन् तास काचेवर नखं मारत राहतो. मग तीन बाजू, तळ आणि छत प्लायवुडचं, आत सनमायका, एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर जाळी, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. फक्त पुढची बाजू पारदर्शक, दोन सरकती दारं. वजनाचा प्रश्नही त्यामुळे निम्म्याहून कमी झाला. प्लायचं काम करणारे मिस्त्री अब्बांच्या वेळचे, त्यांनी मजुरी घेताना फार ताणलं नाही.

राहिला अम्मीचा प्रश्न. त्यावर उत्तर टफन काच हेच होतं. साधी काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून वाऱ्याच्या झोताने झटकन थंड केली की तिचा पृष्ठभाग आतून आवळला जातो. ती चार-पाचपट दणकट होते, आणि फुटलीच तर सगळीच्या सगळी बारीक खड्यांत फुटते. तिची एक खोड आहे. टफन झाल्यावर ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. माप, कडा घासणं, बोटाने ओढायची खाच, सगळं आधी. माझ्या हातातली कलम तिथे कामाची नव्हती, आणि अब्बा असते तर त्यांना हे आवडलं नसतं. आमच्या इथे साध्या काचेच्या जवळपास दुप्पट भाव पडला, पण चांगलं अ‍ॅक्रिलिक विकत घ्यायचं झालं असतं तर ते याहूनही महाग होतं.

काचवाल्याकडे मापात चुकलेला एक टफन तुकडा पडून होता. तो मागून घेतला. घरच्या अंगणात गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यावर हातोडी मारली. आवाज बंदुकीसारखा झाला, अम्मी दारातच होती, तिने कानावर हात ठेवले. गोणपाट उघडलं तर आत ज्वारीपेक्षा थोडे मोठे खडे. मी मूठभर उचलून तिच्यासमोर धरले. तिने चष्मा लावला, एक खडा उचलला, अंगठ्याने त्याची कड चाचपली. मग दुसरा. "तेव्हा ही नव्हती का?" तिने विचारलं. अब्बांच्या हाताचं ती विचारत होती. टफन काच तेव्हाही होती, गाड्यांना लागायची, पण फोटोच्या फ्रेमला कोण लावतो? मी तसं सांगितलं. तिने तो खडा पदराला गाठ मारून ठेवला आणि आत गेली. त्यानंतर काचेविषयी ती बोलली नाही.

दारं 5 मि.मी.ची बसवली. खोबण वरची खोल आणि खालची उथळ घ्यायची, म्हणजे दार वर उचलून खाली सोडलं की बसतं आणि धुवायला काढताही येतं. दोन दारं एकमेकांवर इंचभर चढलेली असतात, त्या फटीतून लहान किडे निघू शकतात, सरडा नाही. शोकेसच्या काचेला लावतात तसलं किल्लीचं कुलूप लावलं. काउंटरचे तक्ते वाया गेले नाहीत. भेगा नसलेला भाग कापून, सिरिंजने सांध्यात क्लोरोफॉर्म सोडून मुलीने एक छोटी पेटी चिकटवली, डॉक्टरकडे नेण्यासाठी. हलकी आहे, स्कूटीवर मांडीवर मावते, आणि तिथे दिवा लागत नाही.

उन्हाळ्यात कूलर पेटीच्या खोलीत हलवावा लागला, कारण खोलीच 39 अंशांवर असेल तर पेटीतली सावली थंड कुठून होणार? दुपारी दिवा बंद, थर्मामीटर दोन, दोन्ही टोकांना. मुलगी शेवग्याचा पाला आणि लाल भोपळ्याचा कीस सकाळी ठेवून कॉलेजला जाते, किडे संध्याकाळी.

हा प्राणी दहा-बारा वर्षं जगतो. मुलगी पुढच्या वर्षी बारावी करून पुण्याला जाईल, हे आम्ही सगळेच जाणतो आणि त्यावर अजून बोललेलो नाही. परवा ईशाची नमाज झाल्यावर अम्मी चटई गुंडाळून पेटीपाशी गेली, कुलूप ओढून पाहिलं, आणि मला विचारलं, किल्ली दोन आहेत ना, मग दुसरी कुठे ठेवली आहे.