डेंगळे

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, आणि मी मनातून खूश असतो. माझं काम उळ्याचं, म्हणजे कांद्याच्या बियाण्याचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या मातृकांद्यांना थंडी लागली नाही तर दांडे कमी निघतात, फुलांचे गोंडे भरत नाहीत. बांधापलीकडे रांगड्या कांद्याच्या वावरात मात्र त्याच थंडीने निघालेल्या दांड्यांना डेंगळे म्हणतात आणि शेतकरी कपाळाला हात लावतो.

कांदा पोसतो दिवसाच्या लांबीवर, फुलतो थंडीवर. आपले वाण अकरा-बारा तासांच्या दिवसात गड्डा धरतात. युरोपातल्या वाणांना चौदा-सोळा तास लागतात, आणि नाशिकला ऐन जूनमध्येही दिवस सव्वातेरा तासांच्या फार पुढे जात नाही. तिकडचं बी इथे नुसती पात वाढवत बसतं. फुलायला मात्र साधारण ८ ते १२ अंशांचा गारवा काही आठवडे लागतो. मग शेंडा पानं काढायचं सोडून कळी धरतो.

आता यातली मेख. कोवळ्या रोपाला ही थंडी कळतच नाही. मान पेन्सिलीएवढी झाली की कळते. लवकर लावलेलं किंवा गादीवाफ्यातच जून झालेलं रोप थंडी येईतो या मापाला पोचतं. त्यात नत्र कमी पडलं की आणखी भर. डेंगळे दिसतात जानेवारीत, ठरतात लावणीच्या तारखेला. तरी शिव्या खातो उळेवाला!

अर्थात उळेवाले सगळेच धुतल्या तांदळासारखे नाहीत. डेंगळ्यांचे गोंडे आयते मिळतात, म्हणून काहीजण त्यांचंच बी धरतात. फुलायची घाई त्या बियात उतरते. मी कांदा पुरता पोसू देतो, कांदाचाळीत पावसाळा काढून टिकलेले, बारीक मानेचे गड्डे निवडतो, मग लावतो. पीक हाती यायला वर्ष जास्त जातं, भाव त्याचाच.

डेंगळा आलेला कांदा उभा चिरून पाहिलाय कधी? मधोमध दांड्याचा टणक बुडखा, भोवती पातळ पाकळ्या. चाळीत सड लागते ती तिथूनच. दांडे मोडले की कांदा पोसेल म्हणून लोक सरीसरीने मोडत जातात. मोडलेल्या दांड्याची पोकळ नळी उघडी राहते, तिच्यात पाणी साचतं, आणि गड्डा होता तेवढाच राहतो. असा कांदा चाळीत भरूच नये. निवडून आधी विकून टाकावा, मिळेल त्या भावाने.