वहीतली बाकी

आबांच्या वहीत माझ्या नावावर एक बाकी अजून तशीच आहे : 'फ्रंट साइट रिंग ३.८, नग १'. पुढे तारीख, माझी सही, आणि 'परत' हा रकाना कोरा. रिंग मी केव्हाच आणून डब्यात टाकली. पण जमा करून घेणार आबा, आणि ते त्या सुमारास दवाखान्यात होते. तिथून ते घरी आले नाहीत.

आबा माझ्या नात्यातले कुणी नव्हेत. मूळचे गडहिंग्लजकडचे. फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या दलात, आर्मोरर होते, हवालदार म्हणून पेन्शनीवर आले आणि कोल्हापुरात दोन खोल्या घेऊन राहिले. सकाळी शिवाजी उद्यमनगरात एका लेथच्या शेडमध्ये फिटरकाम, दुपारी झोप, संध्याकाळी पडवीत बल्बखाली रायफली. उद्यमनगरात कुणाच्या हातात काय कला आहे हे लपून राहत नाही. नेमबाजीच्या रेंजवरच्या कुणाची तरी एअर रायफल बिघडली, ओळखीओळखीने त्यांच्याकडे पोहोचली, आणि मग वाटच पडली. सगळी हयात गोळीच्या बंदुका उघडण्यात गेलेली. छर्ऱ्याची बंदूक बघून ते आधी हसले होते म्हणे. खोलल्यावर मात्र शेजारचा चहा गार झाला तरी त्यांना पत्ता नव्हता.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. नेमबाज अंजली भागवतचं नाव गाजायला लागलं होतं आणि आमच्यासारखी पोरं-पोरी एनसीसीतून, नाहीतर कुणाच्या तरी नादाने या खेळात शिरत होती. तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली ती २०१० साली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं ते २०२४ साली. आता कोल्हापूर म्हटलं की लोक कुस्तीबरोबर नेमबाजीचंही नाव घेतात. तेव्हा मात्र रायफल बिघडली की मुंबई गाठायची, आणि परदेशातून सुटा भाग मागवायचा तर कस्टममधून सुटून येईपर्यंत सीझन संपलेला असायचा.

माझ्या वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून मला एक जुनी फाइनवेर्कबाऊ ३००एस घेऊन दिली. जर्मनीत नेकार नदीकाठी ओबर्नडॉर्फ नावाचं गाव आहे, तिथली ही रायफल. बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग चढवायची. बार निघाला की आतली सगळी यंत्रणा रुळांवरून किंचित मागे सरकते आणि धक्का खांद्यापर्यंत पोहोचतच नाही. ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी आजही मानते. पहिला सीझन बरा गेला. मग दांडा ओढताना आत करकरायला लागलं आणि छर्रे कार्डावर खाली उतरू लागले.

आबांनी ती खोलली तेव्हा मी शेजारी पाटावर बसून होते. आधी त्यांनी एका जाड पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रायफलीची आकृती काढली. एकेक स्क्रू निघाला की आकृतीत त्याच्या जागी भोक पाडून तो तिथेच खोवायचा. "स्क्रू सगळे भाऊभाऊ दिसत्यात," ते म्हणाले, "पर एकाची चड्डी दुसऱ्याला हुत न्हाई." पिस्टन बाहेर आला तसा त्याच्यामागून वर्तमानपत्रावर तपकिरी भुगा सांडला. पिस्टनपुढचा प्लॅस्टिकचा बफर झिजला नव्हता, नुसत्या वयाने विरून गेला होता. त्या काळच्या बऱ्याच जर्मन एअर रायफलींचं हेच दुखणं : पोलादाला काही होत नाही, आतलं मऊ प्लॅस्टिक आपोआप चुरा होतं. आबांनी भुगा चिमटीत घेऊन चुरला, वास घेतला, बोट धोतराला पुसलं आणि व्हर्नियरने खोबणीचं माप घेतलं. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातून पॉलियुरेथेनच्या दांड्यातून लेथवर कातलेले बफर आले. तीन.

वडिलांनी विचारलं, "एकच लागतो ना हवालदार? तीन कशाला?"

"एक लावायला, एक ठेवायला, एक द्यायला."

मला लिहायचंय ते या तिसऱ्याबद्दल. आबा हातकामाचा पैसा घेत नसत, मटेरियलचा आणि लेथवाल्याचा घेत, तो तीन नगांचा. एक रायफलीत बसायचा, एक तुमच्या घरी जायचा आणि तिसरा आबांच्या डब्यात पडायचा, पुढे ज्याला लागेल त्याला. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडची पोरं वर्षानुवर्षं एकमेकांच्या तिसऱ्या नगांवर खेळली. माझ्या रायफलीतली चापाची स्प्रिंग कुणाच्या पैशांची होती ते मला कधी कळलं नाही. माझा तो बफर मिरजेच्या एका मुलाला गेला एवढं वहीत वाचलंय.

वही हा त्यांचा फौजी संस्कार. पलटणीत हत्यारं ज्या खोलीत राहतात ती कोत, आणि कोतीतून सुईसुद्धा सहीशिवाय हलत नाही. आबांची पडवी ही त्यांची कोत. नाव, वस्तू, नग, तारीख, सही, परत. कुणी म्हणालं, "आबा, एका वॉशरची काय सही घेताय?" तर ते पेन पुढे धरून गप्प बसत. पैशाची उधारी त्यात नव्हतीच. वस्तू नेली तर वस्तूच परत यायची, आज नाहीतर वर्षाने.

डबे बिस्किटांचे, पत्र्याचे. आत फोटोच्या रोलच्या काळ्या डब्या. त्या स्टुडिओवाल्यांकडे फुकट मिळत, आणि झाकण असं घट्ट की पावसाळ्यात आत दमट शिरायचं नाही. (डिजिटल कॅमेरे आल्यावर आबा खरोखर हळहळले. नंतर होमिओपॅथीच्या बाटल्यांवर आले.) पण खरी गंमत डब्यांवरच्या चिकटपट्टीत होती. तिथे भागांची नावं नव्हती, तक्रारी होत्या : हवा, नेम, चाप, लाकूड. 'हवा'मध्ये ओ-रिंगा, ब्रीच सील, बफर. 'नेम'मध्ये फ्रंट साइटच्या रिंगा आणि डायॉप्टरचे, म्हणजे डोळ्याजवळच्या साइटचे, बारीक स्क्रू. 'चाप'मध्ये पिना, स्प्रिंगा, सरक्लिप. 'लाकूड'मध्ये बट प्लेटचे बोल्ट आणि वॉशर. "पोरगं रडकुंडीला यिऊन दारात हुबं ऱ्हातंय. त्येला पार्टाचं नाव ठावं नसतंय, हवा जातीया एवढंच ठावं असतंय," असं त्यांचं म्हणणं. कंपन्यांचे कॅटलॉग मी पुढे पाहिले, आकड्यांनी भरलेले. रडकुंडीला आलेल्या पोराला त्यांचा उपयोग नाही. एक पाचवा डबाही होता, ओळख न पटलेल्या भागांचा. त्यावर लिहिलं होतं 'कुणाचं कोण'. त्यातलं काही फेकलेलं मी पाहिलं नाही.

ओ-रिंगा कुणी खिळ्याला टांगल्या की आबा भडकत. टांगलेली रिंग ताणून राहते आणि त्याच आकाराची होते. पाकिटावर दोन मापं, आतला व्यास आणि जाडी, शिवाय घेतल्याचं वर्ष. ऊन लागू द्यायचं नाही, चालत्या मोटारीजवळ ठेवायच्या नाहीत. जुनी रिंग बोटांत दुमडून उजेडात धरायची. वळणावर केसाएवढ्या भेगा दिसल्या की बाद. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टात कपाटातल्या चपलांनाही बुरा चढतो, म्हणून बुटांच्या दुकानातून सिलिका जेलच्या पुड्या गोळा करायच्या आणि त्या अधूनमधून तव्यावर गरम करायच्या. हे काम काकूंकडे, आबांच्या बायकोकडे, होतं. त्या पुड्यांचा तवा वेगळा ठेवला होता यावरून घरात एकदा तरी भांडण झालं असणार. तेलाच्या बाबतीत मात्र चेष्टा चालत नसे. स्प्रिंगला मॉलिब्डेनमचं ग्रीस, तेही बोट चाटवल्याएवढं. पिस्टनपुढच्या हवेच्या जागेत शिलाई मशिनचं तेल टाकलं, तर हवा दबून तापते, तेल पेटतं, नळीतून धूर निघतो आणि सील जळतं. स्प्रिंगऐवजी सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलीत, दाबाच्या हवेला तर असं तेल धोक्याचंच; तिथे सिलिकॉन ग्रीस, दुसरं काही नाही.

पॉइंट टू टूच्या, म्हणजे गोळीच्या रायफलीचे भाग आबांकडे कधीच नव्हते. ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलीला आपल्याकडे परवाना लागत नाही, पॉइंट टू टूला लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्र या शब्दात त्याचे सुटे भागही येतात. एका पालकाने फायरिंग पिन आणली होती, "घरी आहेच तर ठेवा तुमच्याकडे" म्हणून. आबांनी ती हातातही घेतली नाही. परवान्याच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला आणि चहा पाजून वाटेला लावलं. नियमाचा माणूस पुष्कळांना जाचक वाटतो. त्या दिवसापर्यंत मलाही वाटायचा.

पुढे मी दाबाच्या हवेच्या रायफलीवर आले. वरळीच्या रेंजवर राज्य स्पर्धा होती. आदल्या रात्री दादरच्या लॉजमध्ये सहज गेजकडे पाहिलं, तर सकाळी २०० बारला असलेला काटा १२० वर. साबणाचं पाणी करून बोटाने लावत गेले. सिलिंडर रायफलीला जिथे आटे घेतो, तिथे बारीक बुडबुडे धरत होते. एसटीडी बूथवरून आबांना फोन लावला. ते झोपेतून उठले असणार, पण आवाज नेहमीचा. "बॅगंच्या बारक्या कप्प्यात बघ." तिथे काळी डबी होती, वर 'हवा – मुंबई', आत दोन रिंगा आणि बामच्या झाकणात सिलिकॉन ग्रीस. ती त्यांनी कधी टाकली मला माहीत नाही. सिलिंडर काढून, आत राहिलेली हवा सोडून, लाकडी टूथपिकने जुनी रिंग उचकटली. लोखंडी काही लावायचं नाही, खोबणीला ओरखडा उठला की नवी रिंगही गळते. नवी बसवली, सकाळी रेंजवरच्या मोठ्या टाकीतून हवा भरून घेतली. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याच्यावर बसायचं तर प्रत्येक छर्ऱ्यामागची हवा सारखीच हवी, आणि ती माझे सगळे ४० शॉट सारखी राहिली. (बायकांचे ६० शॉट २०१८ पासून झाले.) पदक मिळालं नाही. दुसरी रिंग त्याच दुपारी नागपूरच्या एका मुलीने नेली; मी तिचं नाव हातावर लिहून आणलं आणि कोल्हापुरात वहीत चढवलं. आबांनी विचारलं, "सही?" नागपूरच्या मुलीची सही मी कुठून आणणार? मग माझी घेतली.

प्रशिक्षकांचं ऋण सगळे मानतात, मीही मानते. श्वास कसा धरायचा, कधी रायफल खाली ठेवायची, हे त्यांनी शिकवलं. पण मला जर कुणी विचारलं की या खेळात तू टिकलीस कशी, तर मी त्या पडवीकडे बोट दाखवीन. आमच्यातल्या निम्म्या पोरांचा खेळ पैशांअभावी सुटला असता, तो कुणा दुसऱ्याच्या रिंगेवर चालू राहिला. आणि त्या दुसऱ्याला 'उपकार केले' असं वाटायची सोयच आबांनी ठेवली नव्हती. सही झाली की व्यवहार संपला.

२०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी त्यांच्या गल्लीत शिरलं, तेव्हा त्यांनी आधी डबे माळ्यावर चढवले, मग वही, आणि टीव्हीकडे लक्ष गेलं तोवर पाणी उंबऱ्याच्या आत होतं. काकूंनी ते अजून माफ केलेलं नाही. आबा गेल्यावर त्यांच्या मुलाने सगळं रिक्षात घालून माझ्या दारात आणून ठेवलं. "भंगारात घालवंना," एवढंच म्हणाला. आता डबे माझ्या बैठकीतल्या कपाटात असतात आणि शनिवार-रविवारी कुणी ना कुणी येतं. चिकटपट्ट्या मी बदलल्या, शब्द तेच ठेवले. एक फरक केला : वहीत फोन नंबरचा रकाना वाढवला. आबांना तो आवडला नसता, माणूस येतोच यावर त्यांचा भरवसा होता. माझा तेवढा नाही.

परवा कागलहून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. हवा जाते म्हणाले. 'हवा'चा डबा काढला, रिंग निघाली, बसली, बुडबुडे थांबले. त्यांनी पाकीट काढलं, मी वही पुढे केली. सही करता करता ते म्हणाले, "मॅडम, पैसे घ्या हो, उगीच ओझं नको." मी म्हटलं, तीन मागवा, तिसरी मला आणून द्या. मग सवयीने सिलिंडर उलटा करून त्यावर कोरलेली तारीख मोबाइलच्या उजेडात वाचली. मुदत पुढच्याच महिन्यात संपत होती. स्पर्धेत मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही आणि ती बघण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. जुना घेताना कुणी त्यांना हे सांगितलंच नव्हतं. नव्याची किंमत ऐकून ते खालीच बसले. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे. सिलिंडर माझ्या डब्यात नसतो. मी आतून पाणी आणलं आणि इचलकरंजीच्या एका मुलाला फोन लावला. तो गेल्या वर्षी खेळ सोडून पुण्याला नोकरीला लागलाय आणि त्याच्या नावावर वहीत दोन बाक्या आहेत.